जांभळीचा टहाळा

पंखा थांबला आणि त्याच क्षणी चार यूपीएस एका सुरात किंचाळायला लागले.

अमिताने हातातला चहाचा कप टेबलावर आदळला आणि ती खुर्चीतून जवळजवळ उडीच मारून उठली.

"मेन कोणी पाडला?"

जिन्याखाली मीटरच्या पेटीसमोर एक तरुण उभा होता. दातांत टेस्टर, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि चेहरा असा, की जणू जगात काही घडलेलंच नाही.

"मी," तो टेस्टर काढून म्हणाला. "वर नवी लाइन ओढायचीय ना. चालू करंटमध्ये हात घालू काय?"

"निदान विचारायचं तरी!"

"विचारलं की. काका बोलले, पाड."

काउंटरमागे गोमाजीकाका वर्तमानपत्राच्या आड हळूहळू बुडत चालले होते.

"आधी वर करा तो. आत्ता!"

"ओ मॅडम, पाच मिनिटं लाइट गेली तर एवढं काय—"

"गेल्या चार वर्षांत तुमच्या घरात कोणाचं लग्न झालंय?"

तो गडबडला. "ताईचं झालं. तुडीलला. का?"

"फोटो, व्हिडिओ कोणी काढला?"

"इथल्याच... काकांनी."

"मग तुमच्या ताईचं लग्न या घडीला बॅटरीवर चालू आहे," अमिता म्हणाली. "पंधरा मिनिटं टिकेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या किंचाळणाऱ्या डब्यांकडे पाहिलं, आणि खटका वर केला. पंखा फिरला. यूपीएस गप्प झाले. टेबलावरच्या सांडलेल्या चहात एक माशी येऊन बसली.

"विनीत," तो म्हणाला. "वायरमन. आणि... सॉरी."

सॉरी म्हणताना त्याच्या डाव्या गालावर एक खळी पडली. सॉरी म्हणताना खळी पडणारी माणसं अमिताला आवडत नसत. निदान त्या सोमवारपर्यंत तरी नव्हती आवडत.

*

ज्यांनी महाडचा बाजार पाहिलेला नाही, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. सावित्री नदीच्या अंगाला जी दुकानं आहेत, त्यांना वर्षातून एकदा जिना चढावा लागतो. मृग लागायच्या आत कापडवाला गठ्ठे माळ्यावर टाकतो, किराणावाला पोती वर नेतो, आणि पाऊस सरला की सगळं पुन्हा खाली येतं.

गोमाजीकाकांचा 'शुभमुहूर्त' फोटो स्टुडिओही असाच वर जायचा. पण एकवीस सालच्या जुलैत पाणी आलं ते इतक्या घाईनं, की कॅमेरे वाचले आणि हार्डडिस्क राहिल्या. अकरा वर्षांची लग्नं चिखलात गेली. नंतर लोक दुकानात आले. भांडायला नाही. "आमच्या आयचा तेवढाच फोटो होता हो काका," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. भांडले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

तेव्हा अमिता कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत स्टुडिओत अल्बम लावायला यायची. तिनेच काकांना पटवलं. एकाच पेटीत सगळं ठेवायचं नाही. जुने चार सर्व्हर घ्यायचे, ते एकमेकांना जोडायचे, आणि प्रत्येक लग्न चारांपैकी तिघांकडे ठेवायचं. एक बिघडला तरी दोघांकडे तेच लग्न शाबूत.

"म्हणजे चार जावा एका घरात," काका म्हणाले होते. "एक माहेरी गेली तरी चूल बंद पडत नाय."

अमिताने त्या चौघांना गावांची नावं दिली होती. उमरठ, कापडे, तुडील आणि बिरवाडी. यंदा ती चारही गावं वरच्या मजल्यावर कायमची न्यायची होती, म्हणूनच विनीतला बोलावलं होतं. प्रत्येक यंत्राला वर स्वतंत्र लाइन. पण मे महिना, लग्नसराई टिपेला, रोज नवं काम येतंय... दुकान एक दिवसही बंद ठेवणं शक्य नव्हतं.

"मग कसं नेणार?" विनीतने विचारलं.

"एकेक करून. लाइन तयार झाली की एक यंत्र खाली घ्यायचं, वर न्यायचं, उठवायचं. मगच दुसरं."

"खाली घ्यायचं म्हणजे बटण दाबायचं ना?"

अमिताने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपणहून स्टूल ओढून बसला.

"बसा. बघा," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज बदलला. कोणाला काही समजावून सांगायला लागली की तिचा आवाज नेहमीच थोडा हळू, थोडा गोड व्हायचा. हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. "पहिली पायरी. चौघं ठणठणीत आहेत का ते विचारायचं. एखादा आधीच आजारी असेल, तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे बघा, चारही हिरवे."

"हिरवे. पुढं?"

"आता मी उमरठ बंद केलं, तर बाकीच्या तिघांना काय वाटेल?"

"सुटलो एकदाचे?"

ती हसली नाही. म्हणजे, हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. "त्यांना वाटेल, उमरठ मेलं. ते दहा मिनिटं वाट बघतात. दहा मिनिटांत परत आलं नाही, की त्याच्याकडचं सगळं सामान पुन्हा नव्यानं बनवून आपसात वाटून घ्यायला लागतात. तिघांकडे तेवढी जागाच नाही. मग तिघंही धापा टाकतात, आणि काम ठप्प."

"मग?"

"मग आधीच सांगून ठेवायचं. हा मेला नाही, जरा बाहेर गेलाय, परत येणार आहे. याची जागा भरू नका. त्याला मी राखण म्हणते." तिने कळफलकावर एक ओळ उमटवली. पडद्यावर एका कोपऱ्यात पिवळी रेघ आली. "झाली राखण चालू. आता आतली कामं थांबवायची, मग यंत्राला झोपायला सांगायचं, आणि सगळे दिवे विझेपर्यंत वायरला हात लावायचा नाही."

दोघं वाट बघत राहिले. पंख्यांची घरघर मंद होत गेली. एक दिवा... दुसरा... शेवटचा निळा दिवा जरा रेंगाळला आणि विझला.

मग अमिताने टेबलाखालून जांभळीची एक हिरवी डहाळी काढली आणि यंत्राच्या मुठीला बांधली.

"हे काय? पूजा?"

"आमच्या वाडीची रीत आहे," ती जरा लाजून म्हणाली. "उमरठच्या वर, दीड तासाची चढण. सात घरं आणि बरीच गुरं. उन्हाळ्यात झरे आटले, की एखादं घर गुरं घेऊन खाली नदीकाठी उतरतं. जाताना दाराच्या कडीत टहाळा अडकवतात. म्हणजे घर सोडलेलं नाही, माणसं परत येणार आहेत. मग त्यांच्या गवताला कोणी हात लावत नाही, गुरं राखायची त्यांची पाळी कोणी दुसऱ्याला देत नाही. यंत्र शिकत असताना माझ्या डोक्यात हे बसेना, तेव्हा टहाळा बांधला आणि बसलं."

 विनीतने त्या डहाळीच्या एका पानाला बोट लावलं, हळूच, जसा एखादा झोपलेल्या वासराच्या कानाला लावतो.

मग यंत्र उचललं आणि म्हणाला, "बरंच जड आहे हो तुमचं गाव."

*

बुधवारी कापडेची पाळी होती. विनीत सकाळी नऊला हजर, आणि त्याच्या पिशवीत जांभळीचा टहाळा.

"मी आणलाय," तो म्हणाला. "तुमचं झाड बोडकं नको व्हायला."

"बाजारातलं झाड माझं नाही."

"मग कोणाचं? काकांचं? काका, तुमचं झाड वाचवलं हो!"

"माझं डोकं वाचव," काका म्हणाले. "दोन दिवस ड्रिलची घरघर चालू हाय."

या वेळी विनीतने पायऱ्या स्वतः म्हणून दाखवल्या. चौघं बरे आहेत का ते विचार. राखण लाव. आतली कामं थांबव. झोपव. दिवे विझू दे. मगच वायर काढ. अमिता मान डोलवत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण पडद्याकडे नाही, त्याच्या ओठांकडे बघतोय. तिने घाईने चष्मा पुसायला काढला.

यंत्र वर गेलं, नव्या सॉकेटला लागलं, उठलं. विनीत लगेच उभा राहिला. "झालं! काढा राखण."

"बसा खाली. उठला म्हणजे झालं नाही. तो तासभर इथं नव्हता. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी किती नवं लिहिलं, ते त्याला कुठं माहीत आहे? आता ते तिघं त्याला एकेक सांगतील. सगळं ऐकून झालं, चौघं पुन्हा हिरवे झाले, की मगच राखण काढायची."

"म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या माणसाला आधी गावातल्या बातम्या सांगायच्या."

"अगदी."

"मग आपण चहा घेऊ."

वरच्या खिडकीत दोघं चहा घेत बसले. खाली सावित्री उन्हाळ्यानं रोडावलेली, वाळूतून अंग चोरून वाहत होती. समोर आभाळाच्या कडेला एक करडा ढग उगाच येऊन थांबला होता.

"तुम्ही... तू मला 'तू' म्हणालीस तरी चालेल गो," विनीत म्हणाला.

"'गो' म्हणायची परवानगी कोणी दिली?"

"आमच्यात विचारत नाय. मेन पाडतो आणि मग सॉरी म्हणतो."

ती हसली. या वेळी गिळलं नाही.

मग तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "रविवारी चाललोय. कच्छला. सौर ऊर्जेचं मोठं काम आहे, पाच महिन्यांचं. काम शिकून आलो, की इथंच स्वतःचं सुरू करायचा विचार आहे."

"अरे वा," अमिता म्हणाली. "छान."

दोन्ही शब्द ती इतक्या नीट उच्चारून बोलली, की जणू परीक्षेला बसली होती.

एक गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. घरी काकूने ठाण्याचं एक स्थळ आणलं होतं. पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. वडील, हैबती, कमी बोलणारा माणूस; त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुझ्या मनात कोण असंल तर आता सांग. नसंल तर येऊ दे त्यांना." आणि अमिता गप्प राहिली होती. काय सांगणार? की एक वायरमन आहे, तीन दिवसांची ओळख आहे, आणि तो सॉरी म्हणाला की गालावर खळी पडते?

त्यानंच काहीतरी म्हणायला हवं होतं. जायच्या आत.

*

शुक्रवारी तुडीलची पाळी. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, विनीतचा पत्ता नाही.

त्याच दिवशी रेश्माची फिल्म तयार करून द्यायची होती. रेश्मा कापड्याची, वीस तारखेला लग्न झालं होतं आणि शनिवारी सकाळी ती नवऱ्याबरोबर नाशिकला जाणार होती. तिचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, मांडवात येऊ शकले नव्हते. त्यांच्या उशाशी बसून, त्यांना दाखवून मगच तिला निघायचं होतं.

अकराला विनीत आला. केस विस्कटलेले, बुटांवर लाल माती, पँटच्या टोकाला गवताची कुसळं.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"दिसतंय."

"टहाळा आणलाय. चांगला मोठा."

"कुठून?"

"होता एका ठिकाणी," तो म्हणाला आणि हसला.

ते हसू बघून अमिताला आणखी राग आला. जायला दोन दिवस राहिले आणि हा रानोमाळ हिंडतोय, हसतोय! तिने टहाळ्याचा अर्धा तुकडा मोडून तुडीलला करकचून बांधला, फटाफट आतली कामं थांबवली, यंत्र झोपवलं, दिवे विझल्याबरोबर वायरी काढल्या.

"माझ्या गावाला जरा जपून हो," विनीत म्हणाला.

"तुझ्या गावाला सवय आहे. न सांगता कुठंही जायची."

त्याने यंत्र वर नेलं. वरचा तिसरा सॉकेट अजून जोडायचा होता, उशिरामुळे राहिलेला. तो भिंतीशी बसला आणि वायर सोलू लागला. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघू लागली.  दहा मिनिटं गेली. मग आणखी पाच.

"अमिता!" खालून काकांची हाक आली. "रेश्माची फिल्म पुढं सरकत नाय गो! आणि ही खालची पेटी तापलीय बघ!"

वर आणलेली उमरठ आणि कापडे ही दोन्ही यंत्रंही बाजूलाच जोरजोराने घरघरत होती. अमिता वरच्या टेबलावरच्या पडद्याकडे धावली. चारांपैकी एक काळा, तो तुडील. उरलेले तिघं लाल-पिवळे, आणि त्यांची भरलेली जागा वाढत चाललेली. शंभरातले चौऱ्याहत्तर... अठ्ठ्याहत्तर... ब्याऐंशी...

ती कोपऱ्यातली पिवळी रेघ शोधत होती. ती तिथं नव्हतीच.

"मी राखण लावलीच नाही," ती पुटपुटली. "टहाळा बांधला आणि... मला वाटलं झालं."

विनीत तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"वाडीत टहाळा लावायच्या आधी घरातलं माणूस पारावर जाऊन ओरडून सांगतं," अमिता म्हणाली. "आम्ही चाललोय हो, परत येणार आहोत हो! मगच टहाळा. मी नुसता टहाळा लावला. गावाला सांगितलंच नाही. पंच्याण्णववर गेलं की लिहिणंच बंद पडेल. रेश्माचे आजोबा..." तिचा हात उमरठच्या खटक्याकडे गेला. "हे बंद करते, म्हणजे वाटावाटी थांबेल—"

त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं.

"एका वेळी एकच," तो म्हणाला. "तूच शिकवलंस. एक आधीच आजारी असेल तर दुसऱ्याला हात लावायचा नाय."

तिने एक लांब श्वास घेतला. त्याच्या बोटांखाली नाडी उडत होती. कोणाची ते सांगता आलं नसतं.

"बरोबर," ती म्हणाली. "आधी तिघांना सांगते, वाटणं थांबवा. तेवढं सांगता येतं. मग तुडील उठायला हवं. लवकर."

"सॉकेटला चार मिनिटं."

"चारच?"

"तू घड्याळ लाव."

तिने ओळी उमटवल्या. आकडा चौऱ्याऐंशीवर अडला, लुकलुकला, आणि तिथंच थांबला. विनीतने शेवटचा स्क्रू पिळला, टेस्टर लावून पाहिला, आणि पाडलेला खटका वर करण्याआधी मान वळवून विचारलं, "मॅडम, मेन वर करू? विचारतोय हं."

अशा वेळी कोणी हसतं का? पण अमिता हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

तुडील उठलं. दिवे एकेक करून लागले. तिघांनी त्याला ओळखलं. अमिताने अडवलेली वाट पुन्हा मोकळी केली, आणि वाटून घेतलेलं सामान हळूहळू आपापल्या जागी परतू लागलं. त्याला दुपार लागली. फिल्म मात्र पुन्हा चालू झाली, आणि पाच वाजता रेश्माचा भाऊ ती घेऊन कापड्याला गेला. एकही फोटो हरवला नव्हता.

"माझी चूक होती," संध्याकाळच्या उन्हात पायरीवर बसून अमिता म्हणाली.

"माझीपण. उशिरा आलो."

"कुठं होतास?"

"उद्या सांगतो," विनीत म्हणाला.

*

शनिवारी सकाळी वडिलांचा फोन आला. "ठाण्याच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवलंय. तुझ्या आजीनं सांगितलं." आणि का ते विचारायच्या आत फोन ठेवलाही.

अमिता बुचकळ्यात पडली. पण बिरवाडी वर न्यायची होती, आणि आज तिने प्रत्येक पायरी मोठ्याने म्हटली. चौघं बरे. राखण लावली, काकांना बोलावून पिवळी रेघ दाखवली. मगच टहाळा. साडेअकराला शेवटचं यंत्र वर उठलं, राहिलेलं सगळं ऐकून झालं, आणि पडद्यावर चार हिरवे दिवे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले. अमिताने राखण काढली.

"झालं," ती म्हणाली. "आता सावित्रीला म्हणावं, ये."

 वळून पाहिलं तर विनीत खिडकीशी, तिच्या खुर्चीपाशी वाकलेला. खुर्चीच्या पाठीला त्याने जांभळीचा टहाळा बांधला होता. कालच्या मोठ्या फांदीचा उरलेला अर्धा. पानं अजून टवटवीत. रात्रभर पाण्यात ठेवलेली असावी.

अमिताच्या छातीत काहीतरी एकदम उठून बसलं. तरी ती म्हणाली—

"नुसता टहाळा लावून भागत नाही. कालच शिकलो ना? गावाला सांगावं लागतं."

"सांगून आलोय."

"...काय?"

"काल सकाळी. उमरठपर्यंत गाडी, पुढं पायी. दीड तास बोललीस, मला दोन तास लागले." गालावरची खळी आली आणि गेली. "तुझे बाबा गोठ्यात होते. मी म्हटलं, मी तुडीलचा विनीत, वायरमन. पाच महिने बाहेर चाललोय, दिवाळीनंतर परत येणार. तुमच्या मुलीला अजून काही विचारलेलं नाय. पण तिची जागा... म्हणजे माझी... जी काय जागा असेल ती, तेवढे दिवस भरू नका."

"आणि बाबा?"

" म्हशीचं दूध काढत राहिले. पण तुझी आजी, तुळजाबाई, बाहेर आली. मला वर-खाली बघितलं. म्हणाली, 'आमच्यात नुसतं तोंडानं सांगून चालत नाय रे. टहाळा घेऊन जा.' आणि दारातल्या जांभळीची फांदी स्वतः मोडून दिली."

अमिताने टहाळ्याचं एक पान हातात घेतलं. त्याला तिच्याच अंगणाचा वास होता. लहानपणी याच झाडाखाली जांभळं वेचून जीभ जांभळी करून घेतली होती.

"बाकी सगळं नीट केलंस तू," ती हळूच म्हणाली. "आधी गावाला सांगितलंस, मग टहाळा बांधलास... पण पहिली पायरी राहिलीच."

"कुठली?"

"आठव. मेन पाडायच्या आधी काय करायचं?"

तो गोंधळला. मग त्याला आठवलं. तो तिच्यासमोर सरळ उभा राहिला, अगदी शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसा.

"विचारायचं," तो म्हणाला. "अमिता... पाच महिने थांबशील?"

खिडकीबाहेर बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी पोती वर ओढत होतं, कुणीतरी खालून ओरडत होतं, सावकाश, सावकाश!

"थांबेन की," अमिता म्हणाली. "पण दिवाळीनंतर आलास, की लगेच जागेवर बसायला मिळणार नाही. आधी राहिलेलं सगळं ऐकावं लागेल."

"सगळं?"

"एकेक."

*

त्या पावसात सावित्री एकदा दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत आली, वर नजर टाकून गेली. चार गावं वरच्या मजल्यावर निवांत घरघरत होती. जांभळीची पानं आधी मऊ पडली, मग तपकिरी झाली, मग हात लावला तर कुरकुरायला लागली. गोमाजीकाका दोनदा म्हणाले, "तो पालापाचोळा काढ गो," आणि दोनदा अमिताच्या डोळ्यांकडे बघून गप्प बसले.

कार्तिकात एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. उन्हाने रापलेला, अंगानं थोडा उतरलेला विनीत दारात उभा राहिला. तो खुर्चीकडे निघाला.

"अंहं," अमिता म्हणाली. "स्टुलावर."

तिने खणातून एक वही काढली. पाच महिने ती रोज एक-दोन ओळी लिहीत होती. रेश्माच्या आजोबांनी फिल्म तीनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा बॅन्डवाल्यांना नावं ठेवली. वाडीतली काळी म्हैस व्याली. काकांनी मोबाइलवर काढलेला पहिला फोटो स्वतःच्याच अंगठ्याचा होता. ऑगस्टात पाणी पायरीला लागलं त्या दिवशी, चारही दिवे हिरवे असूनसुद्धा, मला तुझी आठवण आली... हे वाचताना तिचा आवाज जरा अडला. विनीतने हनुवटी हातावर टेकवून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. चहा दोनदा निवला, दोनदा गरम झाला.

"संपलं," शेवटी ती म्हणाली.

"हिरवा झालो?"

अमिताने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती उठली, खुर्चीच्या पाठीची गाठ सोडली, आणि तो वाळका टहाळा अलगद, एक पानही न सांडता, त्याच्या हातात ठेवला.

आणि मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली, कठड्यावर वाकली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली—

"काका! आला हो! परत आला!"